ऑनलाइन बाजारपेठेतील विक्रीनोंद : नंदुरबार जिल्ह्यातील स्वयंपाकसाहित्याच्या संदर्भात एक विचार

१. विषयप्रवेश

व्यवहारोपयोगी गद्याकडे मराठी अभ्यासकांनी पाहिले ते प्रामुख्याने इतिहासाच्या अंगाने. बखरी, पत्रे, महजर, करीने यांच्या भाषेची चिकित्सा झाली. गिऱ्हाइकाला उद्देशून मालाचे वर्णन करणारे गद्य मात्र 'जाहिरात' या एका शब्दात गुंडाळून बहुधा बाजूला ठेवले गेले. वास्तविक जाहिरात आणि मालाचे वर्णन यांत भेद आहे. जाहिरात इच्छा उत्पन्न करते. वर्णनाला निर्णयासाठी आधार पुरवायचा असतो. इंटरनेटवरील बाजारपेठांमुळे या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला आज असाधारण महत्त्व आले आहे. फ्लिपकार्टची स्थापना २००७ मध्ये झाली आणि ॲमेझॉनने भारतातील आपली बाजारपेठ २०१३ मध्ये सुरू केली. तेव्हापासून तवा, खलबत्ता, मसाले, डाळी अशा वस्तू हात न लावता विकत घेण्याची सवय शहरांप्रमाणे लहान गावांतही रुजली.

अशा बाजारपेठेवर वस्तू विक्रीस मांडताना जो मजकूर लिहावा लागतो, त्याला प्रस्तुत लेखात 'विक्रीनोंद' म्हटले आहे. शीर्षक, छायाचित्रे, ठळक मुद्दे, सविस्तर वर्णन, मापे, किंमत आणि कायद्याने आवश्यक असलेला तपशील ही तिची अंगे होत. ही नोंद परिणामकारक कशाने होते, हा येथील प्रश्न आहे. विवेचनासाठी नंदुरबार जिल्ह्याचे क्षेत्र निवडले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे त्या गणनेत राज्यातील सर्वांत कमी, होते. येथील मिरची, सातपुड्यातील आमचूर, नवापूरची तूरडाळ आणि समग्र खानदेशात परिचित असलेले खापर हे पदार्थ व वस्तू दूरच्या गिऱ्हाइकाला हव्या असतात. परंतु जे हात त्या घडवतात, त्याच हातांना त्यांचे वर्णन लिहिता येते असे नाही. म्हणून येथे विक्रीनोंदीचा प्रश्न केवळ खपाचा राहत नाही. मालाविषयी कोणी, कोणत्या शब्दांत बोलायचे, हा प्रश्नही त्यात येतो.

२. बोललेला बाजार आणि लिहिलेला बाजार

आठवड्याच्या बाजारात मातीचे भांडे घेणारी स्त्री ते उचलते, आतून-बाहेरून न्याहाळते आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर भांडे नीट भाजलेले व अखंड. बद्द आवाज आला तर तडा असण्याची शंका. मिरची घेणारा ती मोडून पाहतो, हुंगतो, देठाकडे लक्ष देतो. विक्रेत्याचे बोलणे या परीक्षेच्या जोडीने चालते. त्याने अतिशयोक्ती केली तरी बिघडत नाही. कारण माल समोर असतो आणि प्रत्येक विशेषणाची झडती तिथल्या तिथे घेता येते.

पडद्यावरील बाजारात ही परीक्षा नाहीशी होते, विशेषणे मात्र राहतात. अनेक विक्रीनोंदी फसतात त्या याच ठिकाणी. बोललेल्या बाजारातील आरोळी त्या जशीच्या तशी लेखनात आणतात. आरोळीच्या मागे उभा असलेला माल मात्र आणत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हाताने, डोळ्यांनी, नाकाने आणि कानाने जे विचारले असते, त्याचे उत्तर आता शब्दांनी द्यावयाचे असते. म्हणून विक्रीनोंद लिहिणाऱ्याने प्रारंभी एकच प्रश्न करावा : ही वस्तू समोर असती तर घेणाऱ्याने तिचे काय काय करून पाहिले असते? त्या प्रत्येक कृतीसाठी नोंदीत एक वाक्य असावे.

३. नावाचा प्रश्न

नोंदीतील पहिले आणि सर्वांत अवघड लेखन म्हणजे शीर्षक. गिऱ्हाईक शोधाच्या चौकटीत जो शब्द लिहिते, तो नोंदीत नसेल तर उत्तम वस्तूही दृष्टीस पडण्याची शक्यता कमी होते. येथे बोलीचा प्रश्न उभा राहतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात झालेला नाही. तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भिल्ल भाषांच्या भागात आहे. या वर्गीकरणाविषयी मतभेद असू शकतात; परंतु या प्रदेशाची शब्दसंपत्ती प्रमाण मराठीहून पुष्कळ ठिकाणी वेगळी आहे, हे निर्विवाद.

'खापर' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. प्रमाण मराठीत खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. 'खापर फोडणे' या वाक्प्रचारामुळे तर त्याला दोषारोपाची छटा चिकटलेली आहे. खानदेशात मात्र खापर हे अखंड भांडे आहे. चुलीवर पालथे ठेवलेल्या या मातीच्या भांड्याच्या फुगीर पाठीवर, हातावर फिरवून मोठी व पातळ केलेली पुरणपोळी, म्हणजेच मांडे, भाजतात. तेव्हा शीर्षकात नुसते 'खापर' लिहिले तर पुण्यातील वाचकाला अर्थबोध होणार नाही. आणि केवळ 'मातीचा तवा' लिहिले तर तो खोलगट किंवा सपाट तव्याची कल्पना करील आणि वस्तू हाती आल्यावर परत पाठवील. शिवाय खानदेश सोडून नाशिक, मुंबई वा सुरत येथे स्थायिक झालेले जे गिऱ्हाईक 'खापर' हाच शब्द शोधते, तेही हातचे जाईल.

यावर उपाय जोडनावाचा आहे. प्रथम बोलीतील नाव, लगेच त्याचा अर्थ सांगणारे सर्वसामान्य नाव, आणि नंतर उपयोग : 'खापर : पुरणपोळी (मांडे) भाजण्याचे मातीचे फुगीर भांडे'. हीच रीत काठवटीला लागू पडते : 'काठवट : भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी परात'. मोबाइलच्या लहान पडद्यावर शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात. म्हणून ओळखीचे नाम आधी आणि विशेषणे नंतर, हा क्रम सांभाळणे अगत्याचे ठरते. रोमन लिपीत शोध घेणाऱ्यांसाठी प्रचलित लेखनाचे दोन-तीन पर्याय नोंदीच्या शोधशब्दांत द्यावेत. ते शीर्षकात कोंबू नयेत. ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांनी २०२१ मध्ये मराठीचा पर्याय उपलब्ध करून दिला. परंतु मूळ नोंद इंग्रजीत लिहून यंत्राने मराठीत आणली असेल, तर बोलीतील नाम त्या प्रवासात हरवण्याचा संभव अधिक. मूळ मजकुरातच ते नाम आणि त्याचा अर्थ एकत्र असले, तर हा धोका कमी होतो.

आमचुराच्या बाबतीत अडचण उलट आहे. शब्द सर्वांना ठाऊक आहे, पण वस्तू एक नाही. अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) तालुक्यांत कच्चे आंबे सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात आणि त्या वाळलेल्या फोडींनाच आमचूर म्हणतात. शहरातील गिऱ्हाइकाच्या मनात आमचूर म्हणजे डबीतली पूड. 'आमचूर, २०० ग्रॅम' एवढीच नोंद असेल, तर दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि तरीही व्यवहार फसतो. येथे 'वाळलेल्या फोडी, पूड नव्हे' हे चार शब्द इतर सर्व स्तुतीपेक्षा मोलाचे आहेत.

'तिखट' हा शब्द तर मराठीत नामही आहे आणि विशेषणही. 'कमी तिखट तिखट' असे कोणी लिहिणार नाही. म्हणून वस्तूसाठी 'मिरचीपूड' हे नाम राखून ठेवावे आणि तिखटपणा वेगळ्या वाक्यात सांगावा. तोही 'झणझणीत' अशा शब्दाने नव्हे, तर प्रमाणाने : चार माणसांच्या आमटीला किती चमचे पुरते, हे सांगितले की वाचकाला त्याच्या स्वयंपाकघरातली मोजपट्टी मिळते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची प्रमाणे देऊन नवख्या गृहिणीचा विश्वास संपादन केला. विक्रीनोंदीने त्यापासून घेण्याजोगा धडा हाच की, विश्वास विशेषणाने बसत नाही, मापाने बसतो.

४. स्वभावोक्ती आणि वस्तुवर्णन

संस्कृत काव्यशास्त्रात स्वभावोक्तीविषयी दीर्घ वाद आहे. दंडीने अर्थालंकारांत तिला अग्रस्थान दिले; कुंतकाने ती अलंकारच नव्हे, तर अलंकार्य, म्हणजे ज्याला सजवायचे ती मूळ वस्तू, असा पक्ष घेतला. महिमभट्टाने वस्तूच्या स्वभावाचे दोन प्रकार मानले : सामान्य आणि विशिष्ट. सामान्य स्वभाव शब्द ऐकताच कळतो. विशिष्ट स्वभाव प्रत्यक्ष पाहिल्यासारखा उभा करणे, हे कवीच्या प्रतिभेचे काम.

काव्याची ही कसोटी विक्रीनोंदीला जशीच्या तशी लावता येणार नाही, परंतु भेद उपयोगी आहे. 'मातीचे टिकाऊ भांडे' हा सामान्य स्वभाव झाला. तो हजार भांड्यांना लागू पडतो, म्हणून कोणत्याच भांड्याविषयी काही सांगत नाही. हे भांडे केवढे, किती जड, कोणत्या आचेवर चालते, त्याच्या पाठीवर काळसर डाग का आहेत, हा विशिष्ट स्वभाव. पुढील दोन नमुने विवेचनासाठी रचलेले असून त्यांतील मापे केवळ उदाहरणादाखल दिली आहेत.

पहिला नमुना : "अस्सल खानदेशी पारंपरिक भांडे! सर्वोत्तम दर्जा! आरोग्यास अत्यंत लाभदायक! आजीच्या हातची चव आता आपल्या घरी! आजच मागवा!"

दुसरा नमुना : "खापर : पुरणपोळी (मांडे) भाजण्याचे मातीचे फुगीर भांडे, व्यास ३८ सें.मी. भाजलेल्या मातीचे, हाताने घडवलेले. चुलीवर पालथे ठेवून वरच्या फुगीर बाजूवर पोळी भाजावी. उंची १६ सें.मी., वजन सुमारे ३ किलो. हातघडणीमुळे व्यासात १ सें.मी.पर्यंत फरक असू शकतो. लाकडाच्या आचेसाठी योग्य. इंडक्शन शेगडीवर चालत नाही. पहिल्या वेळी मंद आचेवर हळूहळू तापवावे. तापलेल्या खापरावर गार पाणी घालू नये, तडा जातो. पाठीवरील काळसर छटा भट्टीच्या आचेने येतात. तो दोष नव्हे. खोक्यात : खापर १ नग."

पहिल्या नमुन्यात पाच उद्गारचिन्हे आहेत. पण वस्तूचे नावसुद्धा नाही. दुसऱ्यात एकही स्तुतिवाचक शब्द नाही, तरीही वाचून झाल्यावर वस्तूविषयी आदर वाटतो. कारण लिहिणाऱ्याने ती हाताळलेली आहे हे जाणवते. मापातील फरक आधीच मान्य केल्याने हातघडणी ही तक्रारीची बाब न राहता ओळख बनते. डागांविषयीचे वाक्य तर आतून-बाहेरून न्याहाळण्याच्या कृतीचे थेट उत्तर आहे. छायाचित्रांनाही हाच न्याय लागतो : एक संपूर्ण वस्तूचे, एक पट्टी वा हात शेजारी ठेवून आकार दाखवणारे, एक आतील बाजूचे, एक चुलीवर वापरात असलेले. छायाचित्रात जे दिसते ते मजकुरात पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. जे दिसत नाही ते मजकुराने सांगावे.

५. मर्यादा सांगण्याचे मूल्य

'इंडक्शन शेगडीवर चालत नाही' हे वाक्य लिहिताना विक्रेत्याचा हात अडखळतो. काही गिऱ्हाइके कमी होतील, ही भीती खरी आहे. परंतु हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. लहान विक्रेत्याच्या दृष्टीने परत आलेले पार्सल हे न झालेल्या विक्रीपेक्षा महाग असते. मातीचे भांडे दोनदा प्रवास करून फुटते. आमचुराचे पाकीट एकदा उघडले की पुन्हा विकता येत नाही. आणि गिऱ्हाइकाचा प्रतिकूल अभिप्राय पुढील प्रत्येक वाचकाच्या नजरेस पडतो. म्हणून नोंदीने अनुरूप गिऱ्हाइकाला जवळ आणावे, तसेच अननुरूप गिऱ्हाइकाला सौम्यपणे परतही पाठवावे.

पदार्थांच्या बाबतीत मर्यादा ऋतूची असते. फोडी वाळत असताना पाऊस लागला तर आमचुराचा रंग काळवंडतो. नंदुरबारच्या पथारींवर वाळत पडलेल्या ओल्या लाल मिरचीचेही अवकाळी पावसाने नुकसान होते. वर्षभर एकच छायाचित्र आणि एकच वर्णन ठेवणे हे म्हणून वस्तुस्थितीला धरून होत नाही. हंगामाचे वर्ष, फोडी सोललेल्या आहेत की सालीसकट, मिरची देठासह की देठ खुडलेली, पूड दळल्याचा महिना : एवढा तपशील प्रत्येक नव्या मालाबरोबर बदलला गेला पाहिजे. गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न येथे मार्गदर्शक ठरतात. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तर दोष वाचकाचा नसून नोंदीचा आहे असे समजावे आणि ते उत्तर मजकुरात घालावे.

६. विशेषणे, दावे आणि कायदा

वर्णनातील शब्द हा आता केवळ शैलीचा विषय राहिलेला नाही. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांत झालेली सुधारणा १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. तिच्यामुळे निर्मात्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन किंवा नग, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील ऑनलाइन नोंदीतही दाखवणे आवश्यक झाले. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील नोंदणीचा वा परवान्याचा १४ अंकी क्रमांक लागतो. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार, जाहीर केलेल्या गुणधर्मांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही आणि ग्राहकाच्या नावाने स्वतःच अभिप्राय लिहिण्यासही मनाई आहे. याचा अर्थ असा की, नोंदीतील प्रत्येक वाक्य हे करारातील कलमासारखे असते.

'नैसर्गिक', 'ताजे', 'पारंपरिक', 'अस्सल' या लाडक्या विशेषणांवर खाद्यपदार्थांच्या बाबतीत २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनी अटी घातल्या आहेत. सातपुड्यातील भगर किंवा अन्य भरडधान्य विकताना 'मधुमेह बरा होतो' असे लिहिणे तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. साहित्याच्या दृष्टीनेही या विशेषणांचा दोष हाच की, ती सर्वांनी वापरून झिजली आहेत. 'अस्सल' हा शब्द काढून त्या जागी 'उन्हात वाळवलेले, मीठ व रंग न घातलेले' असे लिहिले, आणि ते खरे असले, तर कायदा व शैली दोन्ही सांभाळली जातात.

७. स्थळनाम आणि कर्त्याचे नाव

'नवापूर तूरडाळ' हिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. १९९९ च्या कायद्याने असे नाव ही त्या परिसरातील उत्पादकांची सामाईक मालमत्ता होते. अन्यत्र पिकलेल्या डाळीच्या पाकिटावर ते छापणे हा अपहार ठरतो. म्हणून स्थळनाम लिहायचे ते अचूक लिहावे. 'खानदेशी' म्हणावे की 'नंदुरबारची', 'सातपुड्यातील' म्हणावे की 'धडगाव परिसरातील', हा निर्णय माल कोठून आला यावर अवलंबून असावा, कोणते नाव कानाला गोड लागते यावर नव्हे.

स्थळाइतकेच कर्त्याविषयीचे लेखन नाजूक असते. आदिवासी स्त्रियांच्या श्रमांचे वर्णन करताना 'निरागस', 'निसर्गपुत्री' असे शब्द सहज येतात. ते आदराचे दिसतात. प्रत्यक्षात मात्र ते माणसाला देखाव्याचा भाग करतात. आंबा सोलणे, फोडीची जाडी सारखी राखणे, आभाळ पाहून पसारा उचलणे हे कौशल्य आहे. नोंदीने या कौशल्याचे वर्णन करावे, दारिद्र्याचे करू नये. कणवेपोटी घेतलेली वस्तू माणूस बहुधा एकदाच घेतो; गुणांसाठी घेतलेली पुन्हा मागवतो.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा : विक्रीनोंदीची परिणामकारकता आकर्षक शब्दांवर अवलंबून नसून, अनुपस्थित वस्तूची परीक्षा वाचकाला कितपत करता येते यावर अवलंबून आहे. बोलीतील नाव व सर्वसामान्य नाव यांची जोड, माप, उपयोग, मर्यादा, हंगाम आणि अचूक स्थळनाम ही त्या परीक्षेची साधने होत.

एक प्रश्न उरतो, तो लेखकाचा. भिली, पावरी, मावची वा अहिराणी बोलणाऱ्या स्त्रीचा माल बहुधा दुसरेच कोणी प्रमाण मराठीत वा इंग्रजीत मांडते : गटाची सचिव, शिकलेला मुलगा, क्वचित व्यापारी. या मध्यस्थीत अतिशयोक्ती शिरते, चुका होतात, आणि परत आलेल्या पार्सलचा भुर्दंड मात्र तिच्यावर पडतो. जुन्या दस्तऐवजांत मजकूर लिहून झाल्यावर तो संबंधितास वाचून दाखवण्याची आणि त्याची मान्यता घेण्याची रीत होती. विक्रीनोंदीसाठी ती पुन्हा स्वीकारण्यासारखी आहे. लिहिलेली नोंद जिने वस्तू घडवली तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावी. 'असे नाही, फोडी सालीसकट आहेत' एवढी एक दुरुस्ती तिने केली, तरी त्या वाचनाचे सार्थक झाले. वस्तूचा विशिष्ट स्वभाव तिच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असत नाही; लेखनिकाने त्याला शब्द द्यावेत आणि त्या शब्दांवर अखेरचा अधिकार तिचा राहू द्यावा.